केनेडींच्या नेमणुकीला एवढा विरोध झाला, त्याचा शेवटी उपयोग काय झाला?

प्लेनोची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्पनी रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं नाव आरोग्यमंत्री म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर रात्रभर वादावादी चालली होती, कोणी म्हणत होतं हा माणूस इतकी वर्षं लसींविरुद्ध प्रचार करतोय, याच्या हातात आख्ख्या देशाचं आरोग्य खातं कसं काय देता, आणि कोणी म्हणत होतं बरं झालं, औषध कंपन्यांना जाब विचारणारा कोणीतरी आला एकदाचा. ग्रुपच कशाला, बाहेरही तेच. ७७ नोबेल विजेत्यांनी सिनेटला पत्र लिहिलं की यांना मंजुरी देऊ नका. त्यांच्या चुलत बहिणीने, कॅरोलाइन केनेडींनी, सिनेटर्सना पत्र लिहिलं आणि ते व्हिडिओ करून वाचून दाखवलं, घरातलं माणूस इतक्या उघडपणे विरोधात गेलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या सह्या, निदर्शनं, फोन. मी पण टेक्सासच्या दोन्ही सिनेटर्सच्या ऑफिसला फोन करून निरोप ठेवला होता, मतदानाचा हक्क नसला तरी इथे राहतो, टॅक्स भरतो.

आणि झालं काय, तर १३ फेब्रुवारी २०२५ ला ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक पास. रिपब्लिकनांपैकी एकटे मिच मॅकॉनल विरोधात गेले, त्यांना लहानपणी स्वतःला पोलिओ झाला होता.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, एवढा विरोध होऊन जर नेमणूक व्हायचीच असेल तर त्या विरोधाचा उपयोग काय? दुसरा जरा घरचा आहे. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. जन्मली त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये तिला हिपॅटायटिस बीची लस दिली, नर्सने विचारलं, आम्ही हो म्हटलं, विषय संपला. आता या डिसेंबरमध्ये (२०२५) केनेडींनी नेमलेल्या समितीने म्हणे ठरवलंय की ही लस सगळ्याच बाळांना जन्मतः द्यायची गरज नाही. नवरा म्हणतो हे सगळं वॉशिंग्टनचं राजकारण आहे, आपला डॉक्टर चांगला आहे, आपल्याला काय फरक पडतो. मला मात्र झोप लागत नाही. कोणाला यातलं नीट माहीत असेल तर समजावून सांगा प्लीज. फेब्रुवारीत तिला घेऊन पुण्याला जायचंय, पहिल्यांदाच.

अटलांटाकर

ताई, मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो, सीडीसीत, म्हणजे साथीचे रोग बघणाऱ्या सरकारी संस्थेत, नाही पण त्यांच्याबरोबर रोजचा संबंध, त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा, कारण तो खूप जणांच्या तोंडी ऐकतोय. फरक पडतो. कसा ते बघा. आपल्याकडच्या एखाद्या खात्यासारखं हे खातं नाही, सुमारे ८० हजार माणसं होती तिथे तेव्हा, औषधं तपासणारं एफडीए, साथी बघणारं सीडीसी, संशोधनाला पैसे देणारं एनआयएच, म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा मेडिकेअर, सगळं एका मंत्र्याच्या हाताखाली. आणि लसींच्या बाबतीत एक समिती असते, एसीआयपी म्हणतात तिला, बाहेरचे तज्ज्ञ असतात, ते कुठली लस कोणाला कधी द्यायची ते सुचवतात. नुसतं सुचवतात असं वाटतं, पण इन्शुरन्स कंपन्यांनी कुठल्या लसी फुकट द्यायच्या हे कायद्याने या समितीच्या शिफारशीशी बांधलेलं आहे. आणि गरीब घरच्या मुलांना मोफत लस देणारा जो सरकारी कार्यक्रम आहे, ज्यात देशातली जवळपास अर्धी मुलं येतात, त्यात कुठली लस घ्यायची हेही हीच समिती मत देऊन ठरवते. म्हणजे समितीतली माणसं बदलली की दोन-चार महिन्यांनी कुठल्यातरी गावातल्या क्लिनिकच्या फ्रीजमध्ये काय असेल ते बदलतं. केनेडींनी ९ जून २०२५ ला या समितीतल्या १७ च्या १७ जणांना एका दिवसात काढून टाकलं आणि स्वतःची माणसं बसवली. हिपॅटायटिसचा निर्णय घेणारे हेच नवे लोक.

आता पहिला प्रश्न, विरोधाचा उपयोग काय. मला वाटतं उपयोग झाला, पण तुम्ही जिथे बघताय तिथे नाही झाला.

तो विरोध झाला नसता तर जानेवारीतल्या हिअरिंगमध्ये एकाही सिनेटरने त्यांना लसीबद्दल एवढं खोदून विचारलं नसतं. दोन दिवस चाललं ते, २९ आणि ३० जानेवारी. मी दुसऱ्या दिवशीचं पूर्ण बघितलं. अध्यक्ष होते लुइझियानाचे बिल कॅसिडी, रिपब्लिकन, पण मुळात लिव्हरचे डॉक्टर, राजकारणात यायच्या आधी त्यांनी शाळांमधून हजारो मुलांना हिपॅटायटिस बीची लस द्यायचा कार्यक्रम उभा केला होता. त्यांनी तिथे एका अठरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, हिपॅटायटिस बीने लिव्हर निकामी झालेलं, हेलिकॉप्टरने ट्रान्सप्लांटला पाठवलं, आणि ते म्हणाले की पन्नास डॉलरच्या लसीने हे सगळं टळलं असतं. पुढे बसलेल्या केनेडींना ते वारंवार विचारत होते की एवढा पुरावा समोर आहे, लसीने ऑटिझम होत नाही हे तुम्ही स्पष्ट सांगाल का. उत्तर सरळ आलं नाही. पुरावा दाखवा, मग माफी मागेन, या धर्तीचं काहीतरी. पुराव्याचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झालाय, २०१९ साली छापून आलाय, आणि तो काही एकटा नाही.

कॅसिडींनी विरोधात मत दिलं असतं तर केनेडींचं नाव सिनेटच्या फायनान्स कमिटीतच अडकलं असतं, कारण तिथे १४-१३ ने पास झालं. ते एक मत त्यांचं. मनापासून सांगतो, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. डॉक्टर माणूस, सगळं कळतंय, तरी हो म्हणाला. पण हो म्हणताना त्यांनी सिनेटमध्ये उभं राहून एकेक आश्वासन वाचून दाखवलं, केनेडींनी मला हे कबूल केलंय म्हणून. समितीच्या शिफारशी आहेत तशाच ठेवीन. सीडीसीच्या वेबसाइटवर लसींमुळे ऑटिझम होत नाही असं जे लिहिलंय ते काढणार नाही. ही आश्वासनं कोणाच्या दबावामुळे आली? तुमच्यासारख्यांच्या फोनमुळेच की.

आणि ती पाळली गेली का, तर नाही असंच माझं मत. समितीचं वर लिहिलंच. वेबसाइटचं सांगतो, कारण ते मी स्वतः उघडून बघितलं नोव्हेंबरमध्ये. पानावर मथळा तोच आहे, लसींमुळे ऑटिझम होत नाही, पण त्यापुढे एक चांदणी लावलीय. खाली लिहिलंय की हा दावा पुराव्यावर आधारलेला नाही. आणि त्या चांदणीचा खुलासा काय तर सिनेटच्या आरोग्य कमिटीच्या अध्यक्षांबरोबर, म्हणजे कॅसिडींबरोबर, करार झालाय म्हणून मथळा काढलेला नाही. शब्द ठेवले, अर्थ उलटा केला. देशभरातले डॉक्टर ज्या पानाची लिंक पेशंटला पाठवायचे ते हे पान. मी बराच वेळ त्या चांदणीकडे बघत बसलो होतो.

पण बघा, ते आश्वासन जाहीर झालं नसतं तर आज कोणाला बोट दाखवून विचारता आलं नसतं की तुम्ही शब्द दिला होता. ४ सप्टेंबरला सिनेटमध्ये परत बोलावलं तेव्हा कॅसिडींनी विचारलं, आणि वायोमिंगचे बरॅसो, ते पण डॉक्टर, रिपब्लिकनच, त्यांनीही सुनावलं. नेमणुकीच्या वेळी याच दोघांनी हो म्हटलं होतं.

रंगपेटी

वरचं सगळं वाचलं. मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

मी न्यू जर्सीत राहते, दोन मुलं, दोघांच्या सगळ्या लसी झाल्यात आणि पुढच्याही होतील. तरी केनेडींचं नाव आलं तेव्हा मला आनंद झाला होता आणि तो लपवायचं मला काही कारण वाटत नाही. इथल्या सिरियलच्या खोक्यावरचं इंग्रेडियंट वाचा एकदा. रेड ४०, यलो ५, यलो ६. युरोपात यातले काही रंग वापरले तर मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा पाकिटावर छापावा लागतो, २०१० पासून. इथे आम्ही पंधरा वर्षं बोंबलतोय, कोणी ऐकलं? २२ एप्रिलला एफडीएने जाहीर केलं की पेट्रोलियमपासून बनवलेले रंग खाण्यातून काढायचे, आणि मोठ्या कंपन्या एकेक करून कबूल झाल्या. हे कोणामुळे झालं ते पण सांगा.

शाळेतल्या आया, त्यातल्या निम्म्या आयुष्यात कधी रिपब्लिकनांना मत न दिलेल्या, त्यांना हा माणूस का आवडला हे समजून न घेता नुसतं लसविरोधी म्हणून मोकळं झालं की आम्हाला वाटतं आमचं कोणी ऐकतच नाही. कोविडच्या वेळी शाळा किती महिने बंद राहिल्या, प्रश्न विचारला की गप्प बसवायचे. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लावून लाखो माणसं मेली, त्या गोळ्या डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या आणि सरकारनेच मंजूर केल्या होत्या. विश्वास असाच नाही उडत. केनेडी आधी वकील म्हणून नद्या घाण करणाऱ्या कंपन्यांशी भांडायचे, हडसन नदीसाठी वर्षानुवर्षं काम केलंय त्यांनी, ते कोणीच लिहीत नाही.

हिपॅटायटिसच्या निर्णयाने मात्र मीही अस्वस्थ झालेय. ते मी मान्य करते.

अटलांटाकर

@रंगपेटी, राग कसला. रंगांचं तुम्ही म्हणताय ते मला पटतं आणि तो निर्णय चांगला आहे. फक्त एक, रेड ३ वर बंदी जानेवारी २०२५ मध्ये आधीच्या सरकारच्या एफडीएने घातली होती, म्हणजे ते काम सुरू झालेलं होतं. आणि गोळ्यांच्या कंपन्यांबद्दलचा तुमचा संताप शंभर टक्के खरा आहे. पण मंत्रिपद एकसंध मिळतं हो. रंगांसाठी एक मंत्री आणि लसींसाठी दुसरा असं होत नाही. म्हणूनच नेमणुकीच्या वेळी लोक इतके जिवावर उठून बोलत होते.

परळची_डॉक्टर

मुंबईतून लिहितेय, बालरोगतज्ज्ञ आहे. अमेरिकेच्या राजकारणाबद्दल मी बोलणार नाही, पण गोवराबद्दल बोलेन, कारण तुमच्या पिढीने इथे आणि तिथेही गोवर बघितलेलाच नाही आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली होती, आठवत असेल काही जणांना. एम पूर्व वॉर्ड. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडलेलं, वस्ती दाट, एका खोलीत सात-आठ माणसं. आमच्याकडे आणलेली एक मुलगी होती दीड वर्षाची. ताप येऊन पाच दिवस झालेले, अंगभर दाणे उठलेले, डोळे लाल आणि चिकटलेले, आणि छाती अशी उडत होती की बरगड्या मोजता याव्यात. आजीने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला होता आणि अंघोळ, औषध काही दिलं नव्हतं, कारण गोवर अंगावर पूर्ण निघू द्यायचा, मध्ये हात लावायचा नाही, असं त्यांच्याकडे मानतात, आपल्याकडेही मानायचेच की. आजीचं प्रेम कमी नव्हतं. ती मुलगी वाचली. त्या साथीत सगळी वाचली नाहीत.

गोवर हा सगळ्यात वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे, पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. शंभरातल्या पंचाण्णवांना लस मिळालेली असेल तरच साथ थांबते. नव्वदवर आलं की भोकं पडायला लागतात, आणि ऐंशीवर आलं की कुठूनही ठिणगी पडते. म्हणून मोठ्या पदावरच्या माणसाने नुसती शंका जरी बोलून दाखवली तरी माझ्या ओपीडीत त्याचा परिणाम दिसतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या दोन क्लिपांमुळे शाळाच्या शाळांनी हात वर केले होते, आमच्या ताई घरोघरी जाऊन पाया पडायच्या अक्षरशः. क्लिप कुठल्या कोणाची माहीत नाही. विचार करा, तेच वाक्य देशाचा आरोग्यमंत्री बोलला तर.

आणि केनेडींच्या नेमणुकीवर लोक इतके का चवताळले ते समजून घ्यायचं असेल तर सामोआ वाचा. पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा देश, दोन लाख वस्ती. २०१८ मध्ये तिथे दोन बाळं लस दिल्यावर मिनिटांत गेली. चौकशीत निघालं की नर्सनी लसीची पावडर पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली होती. लसीचा दोष नव्हता. पण कार्यक्रम बंद पडला, लोक घाबरले, लसीकरण एक तृतीयांशाच्याही खाली घसरलं. अशा वेळी जून २०१९ मध्ये केनेडी तिथे गेले, पंतप्रधानांना भेटले, लसविरोधी मंडळींना भेटले. त्यांचं म्हणणं मी लसीसाठी गेलोच नव्हतो. त्या वर्षाच्या शेवटी गोवर पसरला. ८३ माणसं गेली, जवळजवळ सगळी लहान मुलं. सरकारने शेवटी दोन दिवस सगळा देश बंद ठेवला आणि सांगितलं की ज्या घरात लस न घेतलेलं कोणी असेल त्या घराबाहेर लाल कापड बांधा, म्हणजे आमची पथकं येतील. रस्त्यांवर घराघरांपुढे लाल फडकी. साथ चालू असताना केनेडींनी तिथल्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं की लसीचाच काही दोष आहे का ते तपासा.

त्या वेळी हवाईहून एक डॉक्टर पथक घेऊन तिथे लस टोचायला गेले होते, जॉश ग्रीन, ते आता हवाईचे गव्हर्नर आहेत. नेमणूक जाहीर झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये ते स्वतः वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर्सना भेटले आणि सामोआत काय बघितलं ते सांगितलं. त्यांच्या बोलण्यात मला राजकारण कमी दिसलं, त्यांनी ती मुलं हाताळली होती.

वऱ्हाडी_वाचक

एक सांगू का, मला तर त्या हिअरिंगचंच कौतुक वाटते. आपल्याकडे तेवढं तरी कुठं आहे. राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानुसार पंतप्रधान सांगतील त्यांना राष्ट्रपती मंत्री करतात, राज्यात मुख्यमंत्री सांगतील त्यांना राज्यपाल. सकाळी नाव कळते, दुपारी शपथ. सुप्रीम कोर्टापुढे मनोज नरुला प्रकरण आलं होतं, गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेल्यांना मंत्री करू नये म्हणून, कोर्टाने पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसवलं आणि शेवटी २०१४ मध्ये सांगितलं काय तर आम्ही बंदी घालू शकत नाही, पण पंतप्रधानांनी अशा माणसाला घेऊ नये अशी घटनेची अपेक्षा आहे. अपेक्षा! मग आपण लोक काय करतो, चौकात, बसमध्ये, फेसबुकवर शिव्या देतो आणि घरी जातो. त्यांच्याकडं होणाऱ्या मंत्र्याला टीव्हीसमोर बसवून तासन्‌तास विचारतात, तो काय बोलला ते लिहून राहते. नेमणूक झाली तरी लिहून राहते. हे लहान नाही.

प्लेनोची_आई

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. सामोआचं मला एवढं माहीत नव्हतं.

इथे टेक्सासच्या पश्चिमेला, गेन्स काउंटीत, जानेवारीच्या शेवटी गोवर सुरू झाला, म्हणजे इकडे हिअरिंग चालू होतं तेव्हाच. आमच्यापासून पाच-सहा तासांवर आहे ते. २६ फेब्रुवारीला लबकच्या हॉस्पिटलमध्ये शाळेत जाणारं एक मूल गेलं, लस न घेतलेलं. देशात दहा वर्षांत गोवराने गेलेलं पहिलं. त्याच दिवशी कॅबिनेटच्या मीटिंगमध्ये केनेडी म्हणाले की यात काही विशेष नाही, दरवर्षी साथी येतात. मी तेव्हा सहावा महिना चालू असताना कामावर होते, जेवणाच्या सुट्टीत फोनवर ते ऐकलं आणि मला पुढचं जेवण गेलं नाही. एप्रिलमध्ये आणखी एक मुलगी गेली तेव्हा ते अंत्यविधीला गेले आणि मग लिहिलं की गोवर थांबवायचा सगळ्यात परिणामकारक उपाय एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची) लस आहे. मग बाकीचे महिने ते व्हिटॅमिन ए आणि कॉड लिव्हर ऑइल कशाला सांगत होते? लबकला दाखल असलेल्या काही मुलांत व्हिटॅमिन ए जास्त झाल्याची लक्षणंही दिसली होती. टेक्सासमध्ये एकूण ७६२ जणांना झाला, ऑगस्टमध्ये साथ संपली म्हणून जाहीर केलं.

@रंगपेटी ताई, तुमचं म्हणणं मला कळतं, खरंच. मी पण घरी ते रंगीत सिरियल आणत नाही. पण सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये शाळेसाठी लस नको असेल तर सवलतीचा फॉर्म वेबसाइटवरून डाउनलोड करता येतो, आधी मागणी केल्यावर टपालाने यायचा. आमच्या डे-केअरमध्ये दोन आयांनी तो भरला असं मला त्यांनीच सांगितलं, अगदी सहज, आता मंत्रीच म्हणतोय ना म्हणून. माझी मुलगी एक वर्षाची होईपर्यंत तिला इथे एमएमआर देत नाहीत. ती त्याच खोलीत रांगते.

रंगपेटी

हे वाचून काय बोलावं कळेना. तुमच्या मुलीची काळजी मलाही वाटतेय. मला त्यांच्याकडून खाण्याच्या बाबतीत काम हवं होतं, आया घाबरून फॉर्म भरतील असं काही नको होतं. मी आमच्या आयांच्या ग्रुपवर वेबसाइटच्या त्या चांदणीबद्दल लिहिणार आहे, तिथे अजून बऱ्याच जणी मथळा वाचून पुढे जातात.

हडपसरचा

एक मुद्दा राहिला म्हणून लिहितो. हे फक्त अमेरिकेतल्या मुलांपुरतं नाहीये. जूनमध्ये ब्रसेल्सला ‘गावी’ची (Gavi) परिषद होती, गरीब देशांतल्या मुलांसाठी लसी विकत घेणारी ती संस्था, तिथे केनेडींनी व्हिडिओवरून सांगितलं की अमेरिका यापुढे पैसे देणार नाही. आमच्या इथे हडपसरला सिरममध्ये ज्या लसी बनतात त्यातल्या कितीतरी गावीमार्फत आफ्रिकेत जातात, जगातल्या मुलांचा मोठा हिस्सा पुण्यात बनलेली गोवराची लस घेतो. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक तिथे किंवा तिथल्या व्हेंडरकडे कामाला. वॉशिंग्टनमध्ये कोणाची नेमणूक झाली याचं इथल्या चहाच्या टपरीवर कोणाला सोयरसुतक नव्हतं नोव्हेंबरमध्ये. जूननंतर मात्र बोलतात.

अटलांटाकर

@प्लेनोची_आई, उपयोगाबद्दल एक राहिलं होतं ते लिहितो.

नेमणुकीला विरोध करायला जे लोक तेव्हा एकत्र आले, बालरोगतज्ज्ञांची संघटना, राज्यांचे आरोग्य अधिकारी, निवृत्त शास्त्रज्ञ, त्यांचे आपापसातले फोन नंबर आणि ईमेल याद्या तेव्हाच तयार झाल्या, मी त्यातल्या दोन याद्यांवर आहे. ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारी वेळापत्रकापेक्षा वेगळं स्वतःचं लसीकरण वेळापत्रक काढलं. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि हवाई या राज्यांनी मिळून आपापल्या शिफारशी द्यायचं ठरवलं, हवाई म्हणजे तेच ग्रीन. ईशान्येकडच्या राज्यांनीही तसाच गट केला. इन्शुरन्स कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केलं की १ सप्टेंबर २०२५ ला ज्या लसींची शिफारस होती त्या सगळ्यांचे पैसे २०२६ संपेपर्यंत आम्ही भरू. तोपर्यंत तरी तुमच्या डॉक्टरकडे काही बदलायला नको. पण त्यापुढचं कोणी लिहून दिलेलं नाही, आणि ज्यांना इन्शुरन्सच नाही त्यांचं सगळं त्या समितीवरच आहे, म्हणून हे सोडून देऊ नका.

ऑगस्टच्या शेवटी सीडीसीच्या संचालक मोनारेझना महिनाभरातच काढलं आणि तिथल्या काही वरिष्ठांनी राजीनामे दिले, दुसऱ्या दिवशी मी गेटबाहेर होतो. आतली माणसं कामं टाकून बाहेर आली आणि राजीनामा दिलेले लोक बाहेर पडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवत होती, कित्येक जण रडत होते. ही वीस-पंचवीस वर्षं इबोला आणि फ्लू बघितलेली माणसं होती. ती जागा भरायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

परळची_डॉक्टर

@प्लेनोची_आई, तुमच्या प्रवासाचं. बाळ सहा ते अकरा महिन्यांचं असेल आणि परदेशी जाणार असेल तर एमएमआरचा एक डोस लवकर देतात, तुमच्या तिकडच्या मार्गदर्शनात हे आधीपासून आहे. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. हा डोस पुढच्या हिशोबात धरत नाहीत, वर्षाची झाल्यावर नेहमीचे दोन द्यावेच लागतात. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिन्यांनाच देतात, त्यामुळे पुण्यात कोणी म्हणालं एवढ्या लवकर कशी दिली तर घाबरू नका. हिपॅटायटिस बीचा जन्मतःचा झालाय, उरलेले डोस झालेत का ते कार्डावर बघा, कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड हँडबॅगेत. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणाला ताप आणि अंगावर पुरळ असेल तर बाळाला घेऊ देऊ नका, कितीही जवळचा असला तरी. डॉक्टरांची अपॉइंटमेंट आजच घ्या, सुट्ट्यांच्या दिवसांत मिळत नाही.

प्लेनोची_आई

डॉक्टरताई, फोन लावला, ६ जानेवारीची मिळाली. नवरा पण येणार आहे, वरचं सगळं त्याला वाचायला दिलं.